संत्री आंबट असतात, पण ते त्या दोन विधानांतून निघत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मंगळवारच्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर बुद्धिमत्ता चाचणीचे २५ प्रश्न असतात. गेल्या मंगळवारचा अठरावा प्रश्न असा होता. विधाने : सर्व संत्री फळे आहेत. काही फळे आंबट आहेत. अनुमान : काही संत्री आंबट आहेत. पानाच्या तळाशी बारीक टायपात उत्तर छापलं होतं : अनुमान निघते.

हे उत्तर चुकीचं आहे. अनुमान निघत नाही.

मी २९ वर्षं अकरावी-बारावीच्या कला शाखेला तर्कशास्त्र शिकवलं. वर्तमानपत्रातल्या अशा चुका मी एरवी पेन्सिलनं दुरुस्त करते आणि घडी घालून ठेवते. या वेळी पत्र लिहायला बसले ती आमच्या शेजारच्या मुलीमुळे. ती पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे मानकापूरच्या मैदानावर धावायला जाते, घरी येऊन आईला हातभार लावते आणि दहा वाजता अभ्यासिकेत जाऊन बसते. मंगळवारचं तुमचं पान ती कापून वहीत चिकटवते. परवा संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली. अठराव्या प्रश्नासमोर तिनं आधी ‘निघत नाही’ असं लिहिलं होतं. मग त्यावर निळ्या पेननं दोन आडव्या रेघा मारून खाली ‘निघते’ लिहिलं होतं. म्हणाली, “मॅडम, माझं काहून चुकलं ते समजावून सांगा न.”

तिचं चुकलं नव्हतं. स्वतःच्या डोक्यानं काढलेलं बरोबर उत्तर तिनं छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवून खोडलं होतं. त्या दोन रेघा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

प्रश्न काढणाऱ्याचं कुठे बिनसलं ते मला दिसतं, कारण हीच चूक मी दर वर्षी अकरावीच्या वह्यांमध्ये पाहत आले. त्यांनी विधानं वाचली, अनुमान वाचलं आणि मनात संत्रं सोलून पाहिलं. काही संत्री आंबट असतात हे नागपुरात कोणाला सांगायला हवं? काटोलजवळ माझ्या धाकट्या भावाची बाग आहे. त्याच्याकडे आंबिया बहाराचं फळ आंबटगोड निघतं, मृगाचं अधिक गोड. म्हणजे अनुमान खरंच आहे. पण प्रश्न ते खरं आहे का, हा नव्हता. प्रश्न असा होता की वरच्या दोन वाक्यांतून ते निघतं का.

मी त्या मुलीला एवढंच करायला सांगितलं : दुसऱ्या वाक्यातला ‘आंबट’ हा शब्द काढ आणि तिथे ‘आंबे’ लिही. बाकी काही हलवू नकोस. तिनं लिहिलं. सर्व संत्री फळे आहेत. काही फळे आंबे आहेत. म्हणून काही संत्री आंबे आहेत. वाचता वाचताच थांबली. “अरे, म्हणजे ती ‘काही फळं’ दुसरीच असू शकतात!”

बस, एवढंच आहे. सांगाडा तोच, भरण बदललं आणि वरची दोन्ही वाक्यं खरी असूनही खालचं वाक्य धडधडीत खोटं निघालं. ज्या सांगाड्यात असं एकदा जरी होऊ शकतं, त्यावर विसंबता येत नाही. आंबट असलेली ‘काही फळे’ चिंचा असतील, लिंबं असतील, कवठं असतील. त्यांत संत्रं असलंच पाहिजे असं त्या वाक्यात कुठेच म्हटलेलं नाही. ‘फळे’ हा शब्द दोन्ही वाक्यांत आला म्हणून ती जोडली गेल्यासारखी वाटतात. पण पहिलं वाक्य फळांपैकी फक्त संत्र्यांबद्दल बोलतं आणि दुसरं फक्त काही आंबट फळांबद्दल. सगळ्या फळांबद्दल एकही बोलत नाही. दोन्ही वाक्यांना जोडणारं ‘फळे’ हे पद म्हणजे मध्यपद. तर्कशास्त्रात याला अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात आणि तो ॲरिस्टॉटलच्या काळापासून ओळखीचा आहे. दोन विधानं आणि त्यांवरून काढलेला एक निष्कर्ष अशा युक्तिवादाला संवाक्य म्हणतात. त्याचे एकूण २५६ आकार होतात. जुन्या परंपरेनं त्यांतले २४ वैध मानले, आधुनिक तर्कशास्त्र १५च मानतं. तुमचा अठरावा प्रश्न कोणत्याच यादीत बसत नाही.

‘वैध’ हा शब्दही घोटाळा करतो. एरवी आपण पास वैध आहे, परवाना वैध आहे असं म्हणतो, म्हणजे तो चालतो, खरा आहे. युक्तिवाद वैध आहे म्हणजे तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की आधारविधानं खरी असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. आधारविधानं खरी आहेत की नाहीत ही चौकशी वेगळी. ती शेतात, प्रयोगशाळेत, दप्तरात जाऊन करावी लागते. परीक्षेच्या सूचनेतही हेच असतं : दिलेली विधाने सर्वमान्य गोष्टींपेक्षा वेगळी वाटली तरी ती खरी माना. मुलं ती सूचना डोळ्यांखालून घालतात आणि पुढे जातात. प्रश्न काढणाऱ्यांनी तरी थांबून वाचावी.

उलट बाजूचं उदाहरण नागपूरकरांना तोंडपाठ असेल. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस दाखवलं. आकडा देशभर गेला. त्या दिवशी माझ्या बहिणीचा पुण्याहून फोन आला, तुम्ही सगळे ठीक आहात ना म्हणून. लोकांनी केलेला तर्क असा होता : हे यंत्र जे दाखवतं ते खरं तापमान असतं, यंत्रानं ५६ दाखवलं, म्हणून तापमान ५६ होतं. हा युक्तिवाद पूर्णपणे वैध आहे. दोन्ही आधारविधानं खरी असती तर निष्कर्षातून सुटका नव्हती. पण निष्कर्ष खोटा होता, कारण पहिलं विधान खोटं होतं. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. इतर काही केंद्रांवर पारा बराच खाली होता. ज्यांना त्याच संध्याकाळी शंका आली त्यांनी तर्काला नावं ठेवली नाहीत. त्यांनी उलट त्याच तर्काच्या आधारानं मागे जाऊन पाहिलं : निष्कर्ष खोटा दिसतो आहे आणि तर्क तर वैध आहे, मग आधारविधानांपैकी एक तरी खोटं असलंच पाहिजे. ते कोणतं? वैधतेचा खरा उपयोग हा आहे. ती चूक कुठे शोधायची ते सांगते.

माणसाचं मन मात्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला तयार नसतं आणि ते मोजलं गेलेलं आहे. १९८३ साली इंग्लंडमध्ये जोनाथन एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना संवाक्यं देऊन विचारलं, की निष्कर्ष निघतो का. अवैध पण पटण्यासारखा निष्कर्ष ७१ टक्के वेळा स्वीकारला गेला. अवैध आणि न पटणारा निष्कर्ष फक्त १० टक्के वेळा. सांगाडा दोन्हीकडे मोडकाच होता. तेव्हा तुमच्या प्रश्नकर्त्यांना मी वेगळं काढत नाही. त्यांच्याकडून तेच झालं जे बहुतेकांकडून होतं. फक्त त्यांचं उत्तर हजारो मुलं वहीत चिकटवतात.

वर्गात ही गोष्ट शिकवायला मी बरीच वर्षं धुराचं जुनं उदाहरण वापरत असे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. आपल्या नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनातल्या तर्कपंडितांचा हा पाठ. त्यानंतर मी वर्गाला विचारायची, मग जिथे जिथे अग्नी तिथे तिथे धूर, हेही खरं ना? पहिल्या दिवशी सगळा वर्ग हो म्हणायचा. एका वर्षी पारशिवनीकडच्या खेड्यातून एसटीनं येणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “नाही मॅडम. लाकूड वाळलेलं असलं तर धूर कुठं होते? ओलं असलं तरच होते.”

संपादक महोदय, मला त्या क्षणी अंगावर काटा आला. नैयायिकांनी शतकांपूर्वी नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. अग्नीवरून धुराचं अनुमान करता येत नाही, कारण धुराला आणखी एक अट लागते : आर्द्रेंधन, म्हणजे ओल्या जळणाचा संयोग. त्यांनी दाखला दिला तो तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा, ज्यात आग आहे आणि धूर नाही. जे समजवायला मी दोन तासिका राखून ठेवल्या होत्या ते रोज चूल पेटवणाऱ्या मुलीनं एका वाक्यात सांगितलं. त्या दिवसानंतर मी ‘हा विषय गावाकडच्या मुलांना जड जातो’ हे वाक्य स्टाफरूममध्ये कधी ऐकून घेतलं नाही.

वाक्य उलटवलं की ते तेच राहत नाही, ही गोष्ट माझ्या घरात किती महागात पडू शकली असती तेही सांगते. २०१८ च्या पावसाळ्यात माझा भाऊ तापानं फणफणला. त्याला नागपुरात एका खासगी रुग्णालयात भरती केलं. प्लेटलेट उतरत होत्या. आम्हाला सांगितलं गेलं, डेंग्यू आहे. डेंग्यूची एनएस-वन चाचणी निगेटिव्ह आली तरी तेच : “प्लेटलेट पडतायत न, म्हणजे डेंग्यूच.” चार दिवस सलाईन चालू राहिलं आणि ताप हलला नाही.

मी त्या कॉरिडॉरमध्ये बसून रिपोर्टच्या पाकिटावर चार ओळी लिहिल्या, वर्गात फळ्यावर लिहायची तशा. तर्कशास्त्रात जगभर वापरात असलेलं हे सत्यता कोष्टक आहे. दोन विधानं असली की त्यांच्या खरेखोटेपणाच्या चार शक्यता, पाचवी नाही. डेंग्यू आहे आणि प्लेटलेट कमी. डेंग्यू आहे आणि प्लेटलेट कमी नाहीत. डेंग्यू नाही आणि प्लेटलेट कमी. डेंग्यू नाही आणि प्लेटलेटही कमी नाहीत. ‘डेंग्यू असेल तर प्लेटलेट कमी होतात’ हे विधान (तेही प्रत्येक रुग्णात खरं ठरतंच असं नाही, पण क्षणभर मानू) फक्त दुसरी ओळ कापतं. रक्ताचा रिपोर्ट चौथी कापतो. पहिली उरते, पण तिसरीही उरते. दोन्ही आधारविधानं खरी, निष्कर्ष खोटा, अशी एक ओळ त्या पाकिटावर शाबूत होती आणि माझा भाऊ त्या ओळीत आहे की पहिल्या ओळीत, हे कोणी तपासत नव्हतं.

पाचव्या दिवशी रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरनं त्याचा सदरा काढून पूर्ण अंग पाहिलं. काखेखाली सिगारेटचा चटका बसावा तशी एक काळी खपली होती. स्क्रब टायफस. बागेत वाढलेलं गवत काढताना चिगर माइटच्या अळ्या चावतात, त्यातून होणारा आजार. त्या वर्षी नागपूर आणि आसपास त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. प्लेटलेट त्यातही कमी होतात. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला. भाऊ आज बागेत आहे.

मला त्या पहिल्या डॉक्टरांबद्दल अन्याय करायचा नाही. पावसाळ्यात ताप आणि उतरत्या प्लेटलेट पाहून डेंग्यूची शंका घेणं योग्यच आहे. वैद्यक अशा संभाव्यतेवरच चालतं. शंका म्हणून तो तर्क चांगला होता. पण ‘म्हणजे डेंग्यूच’ मधला तो ‘च’ कुठून आला? संभाव्य अनुमानाला त्यांनी वैध निगमनाचा, म्हणजे खात्रीनं निघणाऱ्या निष्कर्षाचा शिक्का मारला आणि शिक्का बसल्यावर पुढे पाहणं थांबलं.

माझे यजमान जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करायचे. आता ते नाहीत. परिस्थितिजन्य पुराव्याचा विषय निघाला की ते १९५२ च्या हनुमंत विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाबद्दल बोलायचे, कारण तो खटला या गावचा. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. आरोपी राज्याचे अबकारी आयुक्त, आरोप बनावट कागदपत्राचा. खालच्या न्यायालयांत दोष सिद्ध ठरला आणि सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयात न्या. मेहरचंद महाजन यांनी निकाल लिहिला आणि आरोपी सुटले. पुराव्यातली परिस्थिती नुसती गुन्ह्याशी जुळून चालत नाही. गुन्हा सोडून दुसरी कोणतीही शक्यता ती उरू देत नसेल, तरच ती पुरी पडते, हे तत्त्व त्या निकालानं घालून दिलं आणि आजही खटल्याखटल्यात ते उद्धृत होतं. त्याच निकालात १८३८ मधल्या एका इंग्रज न्यायाधीशाचा इशारा आहे : घटना एकमेकींत बसवण्यात मनाला आनंद वाटतो आणि गरज पडली तर ते त्यांना थोडं ओढूनताणूनही एका साखळीत बसवतं.

‘जुळतं’ आणि ‘दुसरं काही उरत नाही’ यांत जे अंतर आहे, तेच तुमच्या अठराव्या प्रश्नात आहे. आंबट संत्रं त्या दोन विधानांशी जुळतं. पण आंबट नसलेली संत्रीही त्यांच्याशी तितकीच जुळतात. जी मुलगी उद्या खाकी गणवेश घालून कोणाचा तरी जबाब लिहून घेणार आहे, पंचनामा करणार आहे, तिला हा फरक आज बरोबर कळला होता, आणि आपण तिला तो खोडायला लावला. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची असते आणि एकेका गुणावर मुलं यादीबाहेर राहतात, ते तर आहेच. पण मला गुणापेक्षा त्या दोन रेघांचं अधिक वाईट वाटलं.

म्हणून विनंती अशी. येत्या मंगळवारी अठराव्या प्रश्नाची दुरुस्ती त्याच पानावर, प्रश्नांच्या वर, नीट दिसेल अशी छापावी. नुसतं ‘उत्तर : निघत नाही’ एवढं छापू नये, कारण मुलं तेही तसंच पाठ करतील, संत्र्यांचं आणि आंब्यांचं उदाहरण शेजारी शेजारी द्यावं. यापुढे ‘विधाने व अनुमान’ या प्रकारच्या ज्या प्रश्नाचं उत्तर ‘निघत नाही’ असेल, तिथे प्रश्नकर्त्यांनी त्याच सांगाड्याचं एक खोटं पडणारं उदाहरण देण्याची सवय ठेवावी. दोन ओळींची जागा लागेल. आणि ज्याचं उत्तर ‘निघते’ असेल, तिथे छापायला देण्यापूर्वी स्वतः तसं उदाहरण शोधून पाहावं. दहा मिनिटं प्रामाणिकपणे शोधूनही सापडलं नाही म्हणजे सिद्ध झालं असं नाही, हेही जाता जाता सांगते. तिथे वर्तुळं काढून किंवा नियम लावून पडताळावंच लागतं. पण सापडलं, तर तिथल्या तिथे निकाल लागतो. या कामात मदत लागली तर मी आनंदानं करीन. सोमवारी दुपारपर्यंत प्रश्न माझ्याकडे आले तर संध्याकाळी तपासून परत पाठवता येतील, मानधन नको.

शेजारच्या मुलीनं वहीत त्या प्रश्नासमोर आपलं पहिलं उत्तर पुन्हा लिहिलं आहे, पण पेन्सिलनं. मी म्हटलं, पेननं लिही की. तर म्हणाली, “पेपरमध्ये येऊ द्या मॅडम, मग गिरवतो.”

आपली विश्वासू,
एक निवृत्त तर्कशास्त्र शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर

(पत्रात भावाच्या आजाराचा उल्लेख असल्यामुळे माझं नाव छापू नये. नाव-पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे.)